दुसऱ्याच्या पोरांच्या शाळेचे पैसे मी का भरू? (मॅसॅच्युसेट्स, १६४४ आणि यंदा)

चार्ल्सकाठी

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या टाऊन मीटिंगला जाऊन बसलो. बोस्टनपासून अर्ध्या तासावरचं गाव, नाव मुद्दाम सांगत नाही. इकडे मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांचा कारभार अजून असाच चालतो: शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडायच्या, गावकऱ्यांनी येऊन बसायचं आणि अंदाजपत्रकाच्या एकेका ओळीवरून भांडायचं. यंदाचं भांडण शाळेचं. राज्याच्या कायद्याप्रमाणे घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर गावाचं मतदान घ्यायचं. शाळेला ती वरची रक्कम हवी होती. ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत माईकपाशी आले आणि म्हणाले, "माझी पोरं शिकून गेली त्याला तीस वर्षं झाली. दुसऱ्यांच्या पोरांचे पैसे मी अजून किती दिवस भरू?" अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या, उरलेला अर्धा खाली मान घालून बसला.

मीही मान घालूनच बसलो. मत ठरलेलं होतं, पण इथे वीस वर्षं काढूनही त्या माईकपाशी जायला जीभ रेटत नाही. घरी आलो आणि वाचत बसलो, कारण आजोबांचा प्रश्न याच मातीतला आहे, आणि पावणेचारशे वर्षांहून जुना आहे.

१६३० पासून इंग्लंडहून प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे) लोक बोटी भरभरून इथे आले. त्यांच्यात शिकलेल्यांचं प्रमाण भलतंच होतं. १६४६ पर्यंत केंब्रिज-ऑक्सफर्डमध्ये शिकलेले साधारण १३० लोक न्यू इंग्लंडात (मॅसॅच्युसेट्स आणि आजूबाजूच्या वसाहतींत) आले होते. म्हणजे जंगल तोडून वसवलेल्या खेड्यात, डुकरं मोकाट फिरताहेत अशा जागी, लॅटिन बोलू शकणारी माणसं. १६३५ च्या वसंतात बोस्टनच्या गावसभेने ठराव केला, की आपले बंधू फिलेमॉन पॉरमॉर्ट यांनी शाळामास्तर व्हावं अशी त्यांना विनंती करावी. बोस्टन लॅटिन स्कूलचा जन्म हा. इमारत नाही, बाकं नाहीत, नुसती एक विनंती. पुढच्या वर्षी हार्वर्ड निघालं. (बोस्टन लॅटिनवाले म्हणतात, आमच्या पोरांना पुढे जायला काहीतरी हवं म्हणून हार्वर्ड काढलं.)

पण विनंती करून मास्तरचं पोट भरत नाही. १६३६ मध्ये बोस्टनने गावातल्या पैसेवाल्यांकडून वर्गणी गोळा केली. शेजारच्या डॉर्चेस्टरने १६३९ मध्ये दुसरी युक्ती काढली: समोरच्या खाडीतल्या थॉम्पसन बेटाच्या जमिनीचा खंड शाळेला लावून दिला. डेडहॅम गावाने १६४४ मध्ये जे केलं ते मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. गावसभेत ठरलं, की मास्तरला वर्षाला वीस पौंड द्यायचे आणि ते सगळ्या गावाकडून कर म्हणून वसूल करायचे. पोर असो वा नसो. आता 'पहिली सरकारी शाळा आमची' असं तिन्ही गावं म्हणतात, आणि आपापल्या परीने तिन्ही खरं बोलतात. भांडण 'पहिली' कशाला म्हणायचं याचं आहे.

मग कायदे आले. १६४२ चा कायदा शाळेचा नव्हताच. तो आईबापांना आणि ज्यांच्याकडे पोरं कामाला ठेवलेली असत त्या मालकांना धरणारा होता: पोराला वाचता येतं का, धर्माची मुख्य तत्त्वं आणि फाशीची शिक्षा असलेले कायदे कळतात का, हे गावच्या पंचांनी तपासायचं. १६४७ चा कायदा मात्र गावालाच धरतो. त्याची सुरुवात वाचून मी हसलो होतो. त्यात सैतानाला 'जुना ठकसेन' म्हटलंय. माणसांना बायबलच्या ज्ञानापासून दूर ठेवणं हा त्याचा मुख्य डाव आहे, सबब पन्नास घरांच्या गावाने लिहाय-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा, शंभर घरांच्या गावाने ग्रामर स्कूल काढावं. ग्रामर म्हणजे लॅटिनचं, इंग्रजीचं नव्हे. मास्तरचा पगार आईबापांनी द्यावा किंवा सगळ्या गावाने, हे गावावर सोडलं होतं. शंभर घरांच्या गावाने ग्रामर स्कूल काढलं नाही तर वर्षाला पाच पौंड दंड.

आता हिशेब करा. मास्तर वीस पौंड, दंड पाच पौंड. कित्येक गावांनी तो हिशेब केला आणि सरळ दंड भरला. १६७१ मध्ये सरकारला दंड दुप्पट करावा लागला.

म्हणजे ज्या कायद्याला आज 'अमेरिकन सार्वजनिक शिक्षणाचा पाया' वगैरे म्हणतात, तो पोरांच्या प्रेमापोटी झाला नव्हता. सैतानाची भीती होती. नुसत्या भीतीने भागेना म्हणून दंड होता, आणि दंडातही गावांनी पळवाट काढली.

आमचं मतदान पुढच्या मंगळवारी आहे. निकाल इथेच टाकेन.

आंबोळी

मस्त. वाचनखूण साठवली. एक शंका: शाळा सगळ्यांना सक्तीची होती का मग?

चार्ल्सकाठी

नाही, हीच गंमत आहे. गावावर शाळा ठेवण्याची सक्ती होती, पोरावर जाण्याची नव्हती. पोराला वाचता आलं पाहिजे, कुठे शिकला ते बापाने बघावं. शाळेत हजर राहण्याची सक्ती मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केली, तेव्हा स्वातंत्र्य मिळूनही पाऊणशे वर्षं होऊन गेली होती.

बहुतेक पोरं अक्षरं शिकायची ती शेजारच्या बाईच्या स्वयंपाकघरात. अशा घरगुती शाळांना 'डेम स्कूल' म्हणत. बाई चुलीवरचं बघता बघता चार पोरांकडून अक्षरं घोकून घेणार, मुलींना शिवण-टिपण शिकवणार, बदल्यात थोडे पैसे किंवा धान्य. शाळांचा इतिहास लिहिताना सगळे पॉरमॉर्टचं नाव घेतात, या बायकांची नावं गावच्या दप्तरात क्वचितच सापडतात.

जुनाट

लेख चांगला आहे, पण नेहमीची खोड आहे: अमेरिका म्हटलं की मॅसॅच्युसेट्स. दक्षिणेकडे बघा की जरा.

व्हर्जिनियात बेंजामिन सिम्स नावाच्या जमीनदाराने मोफत शाळेसाठी मृत्युपत्रात दोनशे एकर जमीन आणि आठ गाई ठेवल्या. हे मृत्युपत्र बोस्टनच्या त्या ठरावाच्याही जरा आधीचं. गाईंचं दूध आणि पुढची पैदास यांवर शाळा चालवायची! म्हणजे कल्पना तिथेही होती. पण ती एका माणसाच्या दानाची राहिली, गावाच्या कराची झाली नाही. कारण गावच नव्हतं. तंबाखूचे मळे नद्यांच्या काठाने पसरलेले, एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर होडी काढायची. शाळा कुठे बांधणार आणि पन्नास घरं मोजणार कुठून? मोठे मळेवाले घरी शिक्षक ठेवत नाहीतर पोरगा इंग्लंडला पाठवत. बाकीचे अडाणी राहिले तर त्यांची अडचण नव्हती, उलट सोय होती.

१६७१ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर विल्यम बर्कली यांनी लंडनला लेखी कळवलं, की इथे मोफत शाळा नाहीत आणि छापखाना नाही याबद्दल मी देवाचे आभार मानतो, आणि पुढची शंभर वर्षं ते नसोत. विद्येने जगात अवज्ञा, पाखंड आणि पंथ आणले म्हणे. तिकडे सैतान अज्ञानातून येतो, इकडे विद्येतून. एकच देव, एकच राजा, मधे पाच-सहाशे मैल.

फुकटचंबू

@जुनाट, बर्कली आमच्या एका माजी संस्थाचालकांसारखे बोलतात. नाव विचारू नका.

हार्वर्डचा विषय निघालाच आहे तर त्यांचे पहिले मास्तर नॅथॅनिएल ईटन यांना विसरू नका. हाताखालच्या सहायकाला अक्रोडाच्या सोट्याने बडवलं म्हणून १६३९ मध्ये कोर्टात उभे राहिले आणि नोकरी गेली. त्याच खटल्यात पोरांच्या जेवणाचं निघालं. ईटनच्या बाईसाहेबांनी कबुली दिली, की खराब मासे वाढले. आणि मक्याच्या घाट्यात बकरीच्या लेंड्या होत्या अशी तक्रार होती. आपल्या होस्टेलच्या मेसबद्दल मी आजपासून एक शब्द बोलणार नाही.

आंबोळी

ईऽऽऽ. जेवताना वाचत होते.

मास्तरीणबाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं आहे. हा धागा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला तर सगळ्यांनी एकच विचारलं: त्या मास्तरांना शाळाबाह्य कामं होती का? निवडणूक, जनगणना, पोषण आहाराची खिचडी, शौचालयांची मोजणी, असं काही?

चार्ल्सकाठी

@मास्तरीणबाई, ग्रुपला सांगा, होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आज जो फ्लॅटबुश भाग आहे तिथल्या डच वस्तीने १६८२ मध्ये मास्तरशी केलेला करार उपलब्ध आहे. सकाळी आठ ते अकरा, दुपारी एक ते चार शाळा, इथवर ठीक. पुढे: चर्चची घंटा वाजवायची, चर्च झाडायचं, प्रार्थनेला पुढे उभं राहून वाचायचं, बाप्तिस्म्याचं पाणी भरायचं, कोणी गेलं तर घरोघरी बोलावणं करायचं, आणि कबर खणायची. कबरीचे पैसे वेगळे, मोठ्या माणसाची जास्त, लहान मुलाची कमी. पगार गव्हात.

मास्तरीणबाई

कबर!! बाई गं. हा मुद्दा वरपर्यंत पोचू नये एवढी इच्छा.

पण पगार गव्हात म्हणजे वेळेवर तरी मिळत असेल.

चार्ल्सकाठी

तेवढंही नसायचं. न्यू इंग्लंडातही पगाराचा बराच भाग मका, गहू, वाटाणे असा मिळायचा, आणि गावाच्या दप्तरांत थकबाकीचे अर्ज भरपूर. बोस्टन लॅटिनचे म्हातारे मास्तर इझिकिएल चीव्हर यांनी चार गावांत मिळून सत्तर वर्षं शिकवलं. न्यू हेवन, इप्सविच, चार्ल्सटाउन, शेवटी बोस्टन. १७०८ मध्ये नव्वदी ओलांडून गेले तेव्हाही मास्तरच होते. त्यांनाही थकलेल्या पगारासाठी गव्हर्नरकडे अर्ज करावा लागला होता.

आणि सरपण. शाळेच्या चुलीसाठी प्रत्येक घराने लाकडं पाठवायची असा नियम कित्येक गावांत होता. ज्याच्या बापाने लाकडं पाठवली नाहीत त्याचं पोर शेकोटीपासून लांब बसणार. इथला जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना ती शिक्षा किती मोठी होती ते कळेल. दौतीतली शाई गोठायची.

चार्ल्सकाठी

वरचा प्रतिसाद दोनदा पडला. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

खिळेजुळारी

छपाईच्या धंद्यातला म्हणून पुस्तकांबद्दल लिहितो.

पोराच्या हातात पहिलं पुस्तक यायचं ते पुस्तक नसायचंच. हॉर्नबुक. लहानशा धोपटण्याच्या आकाराची लाकडी फळी, मुठीला भोक, त्यात दोरी ओवून गळ्यात किंवा कमरेला अडकवायची. फळीवर छापील कागदाचा एकच तुकडा: वर क्रूस, मग लहान-मोठी अक्षरं, मग अॅब-एब-इब अशा जोड्या, खाली प्रभूची प्रार्थना. कागद महाग आणि पोरांचे हात मळके. म्हणून त्यावर शिंगाचा पापुद्रा बसवायचे. बैलाचं शिंग पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचं, उभं चिरून सपाट दाबायचं आणि पातळ पदर सोलून काढायचे. पिवळसर काचेसारखा दिसतो. भोवती पितळेची पट्टी ठोकली की झालं. मी एका संग्रहालयात पाहिलं तेव्हा त्या शिंगावर अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलेला होता. काचेवर नाक लावून बघत राहिलो, पहारेकऱ्याने हटकलं.

त्या अॅब-एब-इब-ऑब-अब जोड्या म्हणजे त्यांची बाराखडी. एक व्यंजन, पाच स्वर, तालात म्हणायचं. आपल्या पंतोजींना ती शाळा परकी वाटली नसती.

पुढची पायरी 'न्यू इंग्लंड प्रायमर'. बेंजामिन हॅरिस या छापखानेवाल्याने १६९० च्या आधी बोस्टनमध्ये काढलेलं. प्रत्येक अक्षराला ठोकळ्याचं चित्र आणि दोन ओळींचं यमक. ए ला आदम: आदम पडला, आपण सारे पापी झालो. एफ ला मूर्ख: आळशी मूर्खाला शाळेत फटके. पाच वर्षांच्या पोराला पहिल्या अक्षरातच तू जन्मतः पापी. अक्षरं चोवीसच, कारण आय-जे आणि यू-व्ही वेगळी धरत नसत. हे पुस्तक पुढे शंभरहून जास्त वर्षं छापत होते, पण आज हातात असलेली सगळ्यात जुनी प्रत १७२७ ची आहे. आधीच्या सगळ्या पोरांनी हाताळून, फाडून, चघळून संपवल्या. आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नाही.

तिरपी रेघ

वर सगळे 'लिहाय-वाचायला' असं एका श्वासात म्हणताहेत. त्या काळी ही दोन वेगळी कामं होती.

वाचन म्हणजे अक्षरं मोठ्याने म्हणत शब्द ओळखणं. बायबल वाचण्यापुरतं, आणि ते सगळ्यांना हवं, मुलींनाही. लिहिणं हा कसब होता, सुतारकामासारखा. हंसाचं पीस चाकूने तासायचं, शाई बनवायची, वळण गिरवायचं. त्याला वेगळा मास्तर आणि वेगळे पैसे. ते शिकायचे व्यापारी, कारकून, म्हणजे मुलगे. त्यामुळे वसाहतीतल्या कित्येक बायका बायबल घडाघडा वाचत आणि कागदावर सहीच्या जागी फुली मारत. मृत्युपत्रांवरच्या सह्या मोजून साक्षरता ठरवली तर या बायका निरक्षर ठरतात.

हा फरक किती धारदार होता ते साउथ कॅरोलिनात दिसतं. १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. १७४० मध्ये कायदा झाला: गुलामाला लिहायला शिकवलं तर शंभर पौंड दंड. कायद्यात फक्त लिहिणं आहे, वाचन नाही. कारण ज्याला लिहिता येतं तो मालकाच्या नावाने स्वतःच परवानापत्र लिहून निघून जाऊ शकतो.

आणि व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये १७६० ते १७७४ या काळात कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा होती, ब्रे स्कूल. बहुतेक मुलं गुलाम, थोडी मुक्त. चौदा वर्षं एकच शिक्षिका, अॅन वेजर. लंडनच्या धर्मादाय मंडळींनी पैसे दिले, हेतू मुलांना धार्मिक आणि आज्ञाधारक करण्याचा. पण एकदा वाचता आलं की काय वाचायचं ते कोण ठरवणार? ती इमारत तिथल्या कॉलेजच्या आवारात वेगळ्याच नावाने उभी होती. लाकडाच्या वर्तुळांवरून वय काढलं तेव्हा २०२० मध्ये खात्री पटली, आणि २०२३ मध्ये अख्खं घर ट्रकवर चढवून हलवलं.

आंबोळी

@तिरपी रेघ, सहीचा मुद्दा डोक्यात बसला. माझी पणजी पोथी वाचायची आणि पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायची. आम्हाला लहानपणी ते कोडंच होतं.

बाभूळकाटा

ज्यांची जमीन होती त्यांच्या पोरांचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

हार्वर्डच्या १६५० च्या सनदेत इंग्लिश आणि इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) तरुणांचं शिक्षण असं स्पष्ट लिहिलंय. इंग्लंडहून त्यासाठी पैसे येत होते हेही लक्षात ठेवा. आवारात इंडियन कॉलेजची विटांची इमारत बांधली. १६६५ मध्ये वाम्पानोआग जमातीचा केलेब चीशाटोमक पदवीधर झाला. त्याचं लॅटिन पत्र आजही आहे. पुढच्याच वर्षी तो क्षयाने गेला. जॉन एलियट या पाद्र्याने स्थानिक भाषेत केलेलं बायबल १६६३ मध्ये याच इमारतीत छापलं गेलं. अमेरिकेत छापलेलं पहिलं बायबल इंग्रजी नाही, हे किती जणांना माहीत आहे? खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा एक तरुण होता, जेम्स. धंद्यावरून त्याचं आडनावच 'प्रिंटर' पडलं. @खिळेजुळारी, हा तुमचा माणूस.

दुसरी बाजू १७४४ ची. लँकेस्टरच्या तहाच्या वेळी व्हर्जिनियाने इरोक्वॉय लोकांना सांगितलं, तुमची काही मुलं आमच्या विल्यम अँड मेरी कॉलेजात पाठवा. ते आदराने नको म्हणाले. बेंजामिन फ्रँकलिनने नंतर लिहिलेल्या हकिकतीत त्यांचं उत्तर असं: आमची काही मुलं तुमच्याकडे शिकून आली, ती परत आल्यावर ना धड पळता येई, ना थंडी सोसवे, ना झोपडी बांधता येई. त्यापेक्षा तुमची डझनभर मुलं आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांना माणूस करू. फ्रँकलिनने त्यात मीठ-मसाला घातलाय. तहाच्या नोंदीतलं उत्तर बरंच छोटं आणि सभ्य आहे.

फुकटचंबू

फ्रँकलिन स्वतः बोस्टन लॅटिनमधून गळलेला ना? त्याला टोमणे मारायचा हक्कच आहे.

चार्ल्सकाठी

हो. आठव्या वर्षी गेला, वर्षभरात वर्गात वर चढला आणि बापाने खर्च परवडत नाही म्हणून काढून घेतलं. मग हिशेब-हस्ताक्षराच्या शाळेत घातलं, तिथे अक्षर सुधारलं, गणितात नापास. दहाव्या वर्षी बापाच्या मेणबत्ती-साबणाच्या धंद्यात. आज स्कूल स्ट्रीटवर, जिथे ती शाळा होती, तिथे त्याचाच पुतळा आहे. समोरच्या फुटपाथवर शाळेची आठवण म्हणून फरशीत ठिक्कर-बिल्ल्याची घरं जडवलीत. माझी लेक लहानपणी दर वेळी तिथे लंगडी घालायची आणि पर्यटक वळसा घालून जायचे.

नगरी

उशिरा आलो, पण एक धागा थेट आमच्या गावात येतो.

या प्युरिटनांच्या वंशवेलीतल्या चर्चवाल्यांनी १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनसाठी बोर्ड काढलं. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हेच आपलं अमेरिकन मराठी मिशन. १८२७ मध्ये न्यू हॅम्पशायरची एक अविवाहित शिक्षिका मुंबईला आली, सिंथिया फरार. आधी मुंबईत, मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी नगरची तिची शाळा पाहिली होती, पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

म्हणजे 'प्रत्येकाला वाचता आलंच पाहिजे' हा सैतानाच्या भीतीने सुरू झालेला हट्ट दोनशे वर्षांत नगरपर्यंत आला आणि इथे कुणीतरी त्यातून भलतंच, कितीतरी मोठं काहीतरी केलं. एक बारीक प्रश्न: बोस्टन लॅटिनमध्ये मुली कधीपासून?

चार्ल्सकाठी

@नगरी, १९७२.

नगरी

छापलंय तसंच वाचलं ना मी? एकोणीसशे बहात्तर?

चार्ल्सकाठी

तसंच. मुलींचं वेगळं लॅटिन स्कूल १८७८ मध्ये निघालं होतं, पण या शाळेचं दार उघडलं ते १९७२ मध्ये.

जुनाट

धागा वर काढतोय. मंगळवार होऊन गेला. निकाल?

चार्ल्सकाठी

प्रस्ताव पडला. थोडक्या मतांनी. मतदान केंद्राबाहेर ते काठीवाले आजोबा भेटले, हात मिळवला, म्हणाले की शाळेशी माझं वाकडं नाही, घरपट्टीशी आहे. पेन्शनवर राहतात, घर विकायचं म्हणतात. त्यांच्यापुढे डेडहॅम काढायचं मला काही सुचलं नाही.

काल शाळेकडून कपातीची यादी आली. बसच्या फेऱ्या कमी, ग्रंथपाल अर्धवेळ, आणि हायस्कूलमधलं लॅटिनच्या शिक्षकाचं पद रद्द.

मास्तरीणबाई

त्या लॅटिनच्या सरांना दुसरीकडे कुठे मिळालं का काही?

चार्ल्सकाठी

बाई आहेत. दोन गावांत अर्ज केलेत म्हणतात.